पट्टीबाई उभ्या राहिल्या

संख्यांना वर-खाली असं काही असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या काळी एका कंपासपेटीत पट्टीबाईंचं राज्य होतं. बाई सदा आडव्या पडलेल्या. प्रत्येक संख्येला त्यांच्या अंगावर एक खूण मिळायची. शून्य मधोमध, एक उजवीकडे, उणे एक डावीकडे.

एकदा आय नावाची नवी संख्या जागा मागायला आली. तिची एक खोड होती. तिला तिनेच गुणलं की उणे एक यायचा.

पट्टीबाईंनी स्वतःला दोनदा तपासलं. "तू माझ्यावर कुठेच नाहीस. म्हणजे तू काल्पनिक! नीघ पेटीतून."

"अहो, एकाला माझ्याने गुणा तरी!" आय रडकुंडीला येऊन ओरडली.

कोपऱ्यात काटकोनी गुण्या घोरत होता. कानाने जरा जड. त्याला वाटलं, आपल्यालाच हाक आली. "आलो, आलो!" म्हणत त्याने शून्यापाशी काटकोन लावला आणि एकाला वळवलं. एक थेट शून्याच्या डोक्यावर, अधांतरी!

"पुन्हा गुणा!" आय म्हणाली. गुण्याने पुन्हा तसंच वळवलं, आणि एक धप्पकन उणे एकाच्या मांडीत पडला.

"दोनदा गुणलं, उणे एक आला. म्हणजे मधली ती जागा माझी."

"पण ती माझ्यावर कुठाय?"

"बाई, जरा उभ्या राहता का?"

पट्टीबाई कण्हत उभ्या राहिल्या. आय शून्यावरच्या पहिल्याच खुणेवर नीट बसली.

"बघा," पट्टीबाई सगळ्यांना म्हणाल्या, "माझ्यावर जागा आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होते."