मोडक्या पात्याचा हट्ट

लोखंड कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. डोंग्या शिकाऱ्याच्या भाल्याचं गारगोटीचं पातं रानडुकराच्या हाडावर आपटलं आणि त्याचं टोक मोडलं. डुक्कर पळालं. डोंग्याने पातं सोडवून फेकायला हात उचलला.

त्याच्या कमरेच्या पिशवीतलं नवंकोरं पातं हसलं, "गेली म्हाताऱ्याची पीडा."

"गप बस. तू अजून ससासुद्धा मारला नाहीस," मोडकं पातं म्हणालं. "डोंग्या, मला फेकू नकोस. कपच्या काढ, नवं टोक दे."

"दुखेल तुला. लहानही होशील."

"दुखू दे. बोथट होऊन उकिरड्यावर नाही पडायचं मला."

डोंग्याने सांबरशिंगाने दाबून कपच्या उडवल्या. पातं निम्मं उरलं, पण धारेने त्याचंच बोट कापलं.

"एवढंसंच राहिलंस?" नवं पातं खिदळलं.

"माझं माप उद्या त्या डुकराला विचार. बांध रे मला भाल्याला, डोंग्या."