होडीतलं पाणी

लहान-थोरहो, ही फार जुनी गोष्ट आहे. खाड्यांवर पूल नव्हते, तेव्हाची.

एका खाडीच्या काठी मिठागरांत राबणाऱ्यांचं एक गाव होतं. गावाची होडी एकच. चर्च पलीकडच्या तीरावर होतं, दफनभूमी तिकडे, सुईणही तिकडेच. होडी बांधणारा आणि वल्हवणारा मेस्त्री मात्र अलीकडचा.

एका वादळात मेस्त्रीचा एकुलता मुलगा होडीसकट वाहून गेला. वारा पडल्यावर होडी आपण होऊन काठाला लागली. तिचा एकही सांधा सुटला नव्हता. मुलगा आला नाही.

मेस्त्रीने कुऱ्हाड घेऊन ती होडी फोडली. कोणी त्याला अडवलं नाही.

पण सुनेचे दिवस भरत आले होते. ओहोटीच्या चिखलातून चालत म्हातारी सुईण येणार नव्हती, आणि सून जाऊ शकत नव्हती. म्हणून मेस्त्री नवी होडी बांधायला बसला. कुणाचा हात मात्र त्याने तिला लागू दिला नाही.

त्या गावाची एक रीत होती. नव्या होडीत दगड भरून तिला काठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. कोरडं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. दगड वाहायला सगळा गाव येई. ही रीत गावातल्या पोरांना मेस्त्रीनेच शिकवली होती.

आता त्याला ते करवेना. तो होडी पाण्यात लोटी, तळाशी पाण्याची बारीक रेघ दिसली की दोर लावून वर ओढी, उन्हात वाळवी, सांध्यांत पुन्हा कापूस ठाशी, पुन्हा राळ लावी. जेवताना ताटावरून उठून एकदा हात फिरवून येई. आणि पुटपुटत राही, "प्रभो, एक थेंबही आत येऊ देऊ नकोस."

"मेस्त्री, होडी आहे की पापड?" मिठागरावर जाणारे म्हणत. "रोज उन्हात घालताय."

तो हसत नसे. मग तेही हसेनासे झाले.

सून एकदा दारातूनच म्हणाली, "बाबा, झाली का?"

"राळेचा आणखी एक हात, पोरी."

"कालही हेच म्हणालात." एवढं बोलून ती भिंतीला धरत आत गेली.

शेजारी एक आजी होती. मिठाने तिचे तळवे चिरलेले होते, आणि तिची लेकरं पलीकडच्या दफनभूमीत निजली होती. ती होडीजवळ येऊन बसली.

"बुडव तिला आता."

"पाणी येतंय आत, आजी."

"येणारच. कोरडं लाकूड आहे."

"देव येऊ देतो म्हणून येतं. तेव्हाही त्यानेच येऊ दिलं."

आजी म्हणाली, "प्रभू शिष्यांबरोबर होडीत होता, तेव्हाही पाणी आत आलंच होतं, मेस्त्री. पण तो होडीतच होता."

"आणि माझ्या पोराच्या होडीत?"

"तिथेही होता. तेवढंच मला ठाऊक. असं का झालं ते मला नको विचारूस. मलाही कुणी सांगितलं नाही."

ती उठून गेली. मेस्त्री होडीभोवती फिरू लागला. एका सांध्यावर त्याचं बोट थांबलं. जिथे आधी नख शिरत नव्हतं, तिथे आता सबंध बोटाचं टोक शिरत होतं. ही फट पाण्याने पाडलेली नव्हती. रोजच्या उन्हाने पाडली होती. ऊन त्याने दाखवलं होतं.

त्याने राळेचं भांडं बाजूला सारलं. मग मिठागरावर गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "हात द्या मला. एकट्याने नाही होत."

कुणी पापडाची आठवण काढली नाही. सगळ्यांनी दगड वाहिले. पहिला दगड मेस्त्रीने ठेवला. होडी बुडताना तो गुडघाभर पाण्यात शिरला, परत फिरला, पुन्हा शिरला. शेवटी काठावर बसून म्हणाला, "प्रभो, ही तुझ्या हाती." यावेळी त्याने पुढे काही मागितलं नाही.

होडी पुरेशी मुरली की नाही, हे कळायच्या आतच सुनेला कळा सुरू झाल्या. गावाने दगड उपसले, पाणी उपसलं. होडी तरंगली. सांधे मिटले होते. तळाशी थोडी ओल राहिली, एवढंच.

मेस्त्रीने त्या ओलीवर एकदा हात फिरवला. तरी त्याने वल्हं उचललं.

सुईणीला घेऊन परतताना तळात पाणी साचलं.

"मेस्त्री, माझे पाय भिजतायत," ती म्हणाली.

"भिजू देत, बाई," तो म्हणाला, आणि वल्हवत राहिला.

सांजेला त्याच्या घरात बाळ रडलं. मुलगा का गेला याचं उत्तर मेस्त्रीला तेव्हाही मिळालं नव्हतं, आणि पुढेही मिळालं नाही. पण बाप्तिस्म्याला त्याने बाळाला त्याच होडीतून नेलं. दोर सोडायला गावातले हात होते, आणि तळाशी असलेल्या ओंजळभर पाण्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: पाणी आत येणारच नाही असं वचन प्रभूने कुणालाही दिलेलं नाही; पण होडीत तो आपल्यासोबत आहे, एवढ्या विश्वासावर जो नम्रपणे वल्हं उचलतो, तोच पलीकडे पोचतो.