डावी कुणाची?

ही गोष्ट खरं तर दुसऱ्याच माणसानं सांगायला हवी. तो सांगत नाही, म्हणून ती माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडते. दिवाळी अंकवाल्यांना तीनदा नाही म्हणून झालं, तरी ऐकत नाहीत. घ्या मग. मधे बोलायचं नाही आणि शेवटी तात्पर्य विचारायचं नाही.

"मामा, ती गाठ सोडायची कशी, तेवढं सांगा."

"कुठली गाठ?"

"डाव्या पेटीवरची."

"डावी कुणाची?"

निनाद रेठरेकरला हा प्रश्नच कळला नाही. त्यानं घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या गेटाशी गाड्यांचा स्टँड होता. वर पत्रा, खाली स्टूल, स्टुलावर पीरसाहेब शिकलगार. सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण चौथी. दवाखान्याच्या यंत्रखोलीतली एकूण एक तार त्यांनी ओढलेली, तारा बांधलेल्या मेणाच्या दोऱ्याची एकूण एक गाठ त्यांनी मारलेली. पण सव्वा वर्ष झालं, ते इथं स्कूटरवाल्यांना बिल्ले देत होते. खोलीची किल्ली काढून घेतली होती.

निनाद इंजिनिअर. येऊन चार महिने झालेले. काखेत लॅपटॉप, खिशात कात्री.

खोलीत एका उभ्या सांगाड्यात दोन पेट्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. त्यांना स्विच म्हणतात. एका अंगानं दवाखान्याचे संगणक, दुसऱ्या अंगानं माहिती साठवायची कपाटं, आणि मधे या दोघी. सीटी, एमआरआय, एक्स-रे, सगळी चित्रं यांच्यातनंच जायची. दोन अशासाठी, की एक आजारी पडली तर दुसरीनं घर चालवावं.

दोन्ही एकदम गेल्या तर... टेबलावर माणूस उघडा आणि डॉक्टरपुढं काळा पडदा.

डावी पेटी आतनं तापतेय, असं निनादच्या लॅपटॉपवर दोन दिवस लाल अक्षरात येत होतं. नवी पेटी आली होती. रविवारी दुपारी दोन ते तीन, एवढाच वेळ मिळाला होता. डावी बंद करायची, तारा काढायच्या, नवी बसवायची. डावी बंद झाली की दवाखाना एका पायावर उभा. तेव्हा गाठीशी झटापट नको, म्हणून तो आधीच विचारायला आला होता. कात्री लावली असती, पण आतली तार काचेची, केसाएवढी.

"डावी म्हणजे डावी, मामा. तुमचीच चिठ्ठी आहे तिच्यावर. पांढऱ्या कापडाची. माझ्या लॅपटॉपवर पण डावी म्हणूनच आहे."

"लॅपटॉपवर काय दिसतं?"

निनादला बरं वाटलं. त्यानं लॅपटॉप उघडून स्टुलापुढं धरला.

"सगळंच. आता खोलीत जायची गरजच नाही. इथं बसून दोन्ही पेट्या चालवतो मी. कुठल्या संगणकानं कुठल्या कपाटाशी बोलायचं, कुणाचं तोंड बंद ठेवायचं, सगळं हे सॉफ्टवेअर करतं. झोन पाडायचे म्हणतात त्याला. पंधरा दिवस बसून मी सगळे झोन नीट लावले. नुसतं बोट लावायचं."

"नुसतं बोट?"

"नुसतं बोट."

"मग लाव की बोट. सोड गाठ."

निनादनं लॅपटॉप मिटून काखेत मारला.

एक स्कूटरवाला आला. मामांनी त्याला अर्धा बिल्ला दिला, दुसरा अर्धा हँडलला अडकवला. मग उठून निनादच्या समोर येऊन उभे राहिले. तोंडाला तोंड.

"उजवा हात वर कर."

"मामा, मला दोन वाजता..."

"कर की रे."

निनादनं उजवा हात वर केला. मामांनीही केला. एकाचा हात गेटाकडं, दुसऱ्याचा रस्त्याकडं.

"लगीन झालंय?"

"नाही."

"झालं की कळंल. नवरी नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभी असती. फोटोत बघायला गेलं तर उजवीकडं दिसती. म्हणून काय नवरी बदलली?"

निनाद हसायला गेला. हसू अर्ध्यात राहिलं. हात अजून वरच होता.

"...तुम्ही चिठ्ठ्या कुठून बांधल्या?"

"दारातनं आत गेलं की पेट्यांचं तोंड दिसतं. तिथनं."

"आणि लॅपटॉपवरची नावं?"

"ते मला काय ठाऊक? मी चौथी पास."

निनादच्या खिशातली कात्री त्याला मांडीला टोचायला लागली.

"पेट्या बसवायला माणूस आला होता," मामा स्टुलावर बसत म्हणाले. "तो नाव घ्यायचा आणि पेटी डोळा मिचकवायची. तसलं काही आहे का तुझ्यात?"

होतं. पेटी ओळखायला दिवा लावायचं बटण. निनादनं ते पोरखेळ म्हणून कधी दाबलंच नव्हतं. नावं होती ना समोर.

तो खोलीत गेला. आत गारठा, पंख्यांचा घोंगाट. लॅपटॉप हातावर ठेवून त्यानं 'डावी' निवडली आणि दिव्याचं बटण दाबलं.

'डावी' अशी चिठ्ठी लावलेल्या पेटीवर काहीच झालं नाही.

शेजारची लुकलुकायला लागली. 'उजवी' अशी चिठ्ठी असलेली.

निनादनं बटण परत दाबलं. दिवा विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच.

लॅपटॉपवर त्यानं एकीला बंद केलं असतं, आणि तारा दुसरीच्या काढल्या असत्या. दोन्ही एकदम गेल्या असत्या. वर दुसऱ्या मजल्यावर तेव्हा अपघातातला एक ट्रकवाला टेबलावर होता. निनादला जिन्यात त्याची बायको दिसली होती. चप्पल हातात घेऊन बसलेली.

तो सांगाड्याच्या मागं गेला. मागनं बघितलं तर लुकलुकणारी पेटी डाव्या हाताला होती.

तिथंच भिंतीला टेकून त्यानं सॉफ्टवेअरमधल्या जुन्या नोंदी काढल्या. पेट्यांना नावं कुणी दिली, कधी दिली, सगळं त्यात राहतं. नाव देणाऱ्याच्या जागी त्याच्याच साहेबांचं नाव होतं, कारखानीस.

परत आला तेव्हा पावणेदोन झाले होते.

"मामा, चिठ्ठ्या बरोबर आहेत."

मामांनी बिल्ल्यांचा गठ्ठा सारखा केला.

"नावं साहेबांनी मागं उभं राहून दिली होती. म्हणजे तेव्हा... सव्वा वर्षापूर्वी दोन्ही पेट्या गेल्या होत्या, त्या दिवशीही साहेबांनी लॅपटॉपवर एक बंद केली आणि हातानं दुसरीच काढली."

मामा बिल्ले मोजत राहिले.

"आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अडाण्यानं चिठ्ठ्या उलट्या बांधल्या. चौथी पास माणसाच्या हातात दवाखाना दिला. मला कॅन्टीनमध्ये सांगितलंय लोकांनी."

"कॅन्टीनचा चहा बिघडलाय अलीकडं."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

निनाद खाली उकिडवा बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. "थांबा. मी आत्ता नावं बदलतो. डावीला उजवी, उजवीला डावी. दोन मिनिटांचं काम."

मामांनी लॅपटॉपवर हात ठेवला. हात खरबरीत, बोटावर अजून दोऱ्याचे वण.

"कुठं उभं राहून?"

निनादचं बोट हवेत राहिलं.

आत ॲम्ब्युलन्स गेली. मग त्यानं हळूहळू टाइप केलं. लुकलुकलेली ती 'दाराकडची'. दुसरी 'भिंतीकडची'. टाइप करून लॅपटॉप मामांकडं वळवला.

मामांनी बघितलं नाही.

"आमच्या गावात वरली आळी आहे आणि खालची आळी आहे. डावी आळी अजून कुणाला घावली नाही." मग म्हणाले, "गाठ ओढायची नाही. ओढलीस की आवळती. आखूड टोक धरायचं आणि आत ढकलायचं. आपणच सुटती."

दोन वाजता निनादनं तापलेली, दाराकडची पेटी बंद केली. बंद करायच्या आधी तिला डोळा मिचकवायला लावला. दोनदा. गाठी आत ढकलल्या, सुटल्या. अकरा तारा काढल्या, नवी पेटी बसवली, अकरा तारा लावल्या. मेणाचा दोरा फेकला नाही, त्याच दोऱ्यानं परत बांधलं. गाठ काही मामांसारखी बसली नाही. कापडाच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. पावणेतीनला सगळं सुरू झालं. वर दुसऱ्या मजल्यावर कुणाला काही कळलंसुद्धा नाही. ट्रकवाल्याची बायको अजून जिन्यातच होती, पण चप्पल पायात होती.

कात्री त्यानं खिशातनं काढून टेबलाच्या खणात टाकली.

गेटाशी आला तेव्हा मामा एका बुलेटला बिल्ला अडकवत होते.

"मामा, उद्या सकाळी सगळ्यांसमोर मी साहेबांना त्या नोंदी दाखवणार. मग माझ्या नोकरीचं व्हायचं ते होऊ दे."

"दाखव."

"तुमच्याकडनं काय सांगू?"

मामांनी दुसरा अर्धा बिल्ला बुलेटवाल्याच्या हातात दिला. बुलेट आत गेली, धूर खाली बसला...

"सांग, येताना मी उजव्या हाताला बसलेला असतो, जाताना डाव्या. माफी कुठल्याही बाजूनं चालंल म्हणावं, कारखानीसला."