पाटलांचे कोरडे तांदूळ

पाटलांची चांदीची वाटी हरवली. त्यांनी घरच्या सगळ्या गडी-मोलकरणींना चावडीवर बोलावून कच्चे तांदूळ चावायला दिले. थुंकल्यावर ज्याचे कोरडे निघतील तो चोर, अशी जुनी रीत होती.

भांडी घासणाऱ्या तान्हुबाईचे कोरडे निघाले.

"आजच गाव सोड!" पाटील ओरडले.

"पाटील, आज माझा निर्जळी उपास. त्यात तुमचा धाक. तोंड ओलं राहील कसं? तुम्हीच चावून बघा."

पाटील सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता सगळ्यांवर ओरडत होते. त्यांनी हसत तांदूळ चावले आणि थुंकले. तेही कोरडेच.

तान्हुबाई म्हणाली, "चोर दोन झाले. आधी झडती कुणाच्या घरची?"

पाटलांनी पाणी मागवलं. तांब्या आधी तिच्यापुढे धरला. मग उपास आठवला, तेव्हा स्वतःच प्याले.