कृतांताची सडलेली दाढ

एका राज्यात राजवाड्याखाली तळघर होते, आणि तळघरात धूम्रजट नावाचा मांत्रिक कोंडलेला होता. जटा मुळापासून तुटल्याशिवाय त्याला मरण नव्हते, पण बाहेर यायला वाटही नव्हती. दाराच्या फटीतून बाहेर येत ते फक्त त्याचे केस. ज्याला ते विळखा घालीत, तो फटीतून आत ओढला जाई आणि सोन्याचा पुतळा होऊन पडे. शापित खजिना म्हणत तो हाच.

ते केस तलवारीने तुटत नसत, आगीत जळत नसत. मुक्या जिवाच्या दातांनीच काय ते तुटत. म्हणून दारापाशी दोन राखणदार होते. जाड जटा दाढेत धरून तोडी तो कृतांत नावाचा कुत्रा, आणि बारीक केस कुरतडून टाकी ती कस्तुरी नावाची मांजर. दोघांचा सांभाळ तुंगेकडे होता. तिच्याआधी ते काम तिची आई करी. आई आता आत होती, सोन्याची.

त्या वर्षी कृतांत जटा दाढेत धरी आणि कळवळून सोडून देई. कस्तुरी पंजाने तोंड घासत बसे, तिची लाळ गळे. केस खांबांना वेढून जिन्याकडे सरकू लागले. राजवैद्य पाहून म्हणाले, "वय झाले." तुंगेने कृतांताचा ओठ वर केला. भपकारा आला. दातांवर दगडासारखे किटण चढले होते, हिरड्या सुजल्या होत्या आणि उजव्या डोळ्याखाली गाठ आली होती.

"महाराज, हे वय नव्हे. दाढ सडली आहे."

राजा जयकेतूचा चेहरा उतरला. "मी रोज माझ्या हाताने त्यांना खीर भरवीत होतो, तुंगे."

"भरवले सगळ्यांनी, महाराज. तोंड उघडून कोणी पाहिले नाही. मीही नाही."

झरोक्यात एक टिटवी बसली होती. तिचे सारे आयुष्य मगरींचे दात कोरण्यात गेले होते. ती म्हणाली, "बाई, तीन कामे कर. निद्रावेल आण. मांजरीचे किटण काढ. कुत्र्याची दाढ मुळांसकट उपट. दोघांना एकदम निजवू नकोस. आणि उद्या सूर्य मावळायच्या आत सगळे उरक, नाहीतर केस जिना चढतील."

निद्रावेल तळ्यातल्या म्हाताऱ्या मगरीच्या जिभेखाली उगवे. तुंगा सकाळी काठावर गेली. टिटवीने मगरीच्या नाकपुडीवर टोचले, तसा जबडा उघडला. तुंगेने खांद्यापर्यंत हात आत घातला. तिच्या कानाशी मगरीचा श्वास लागत होता. बोटांना वेल लागली, तिने ती खुडली, हात बाहेर काढला, आणि जबडा खाडकन मिटला. अस्तनीचा तुकडा आतच राहिला.

दुपारी तिने कस्तुरीला अर्धे पान हुंगवले. मांजर मांडीवर निजली. तुंगेने हस्तिदंताच्या कोरणीने किटण खरवडायला घेतले, आधी दातांवरचे, मग हिरडीच्या काठाखालचे. रक्त आले, ते तिने टिपले. तेवढ्यात बारीक केस तिच्या घोट्याला लागले. ती हलली नाही. शेवटचा खडा सुटला तेव्हा केस गुडघ्यापर्यंत आले होते. कस्तुरीने डोळे उघडले, अंग झाडले आणि एका दमात ते सगळे कुरतडून टाकले.

मग कृतांताची पाळी आली. त्याने पान हुंगले आणि तो आडवा झाला. राजाने त्याचे डोके धरले. दाढेला तीन मुळे होती. तुंगेने हिरडी सोडवली, सांडशीने दाढ हळूहळू हलवली. पहिले मूळ सुटले. दुसरे सुटले. तिसरे हलेना.

आणि दारामागून आईचा आवाज आला. "तुंगे, ते मूळ राहू दे. उरले तर कुणाला कळायचे आहे? मग मला बाहेर येता येईल."

तुंगेचा हात थांबला. बारा वर्षे तिने तो आवाज ऐकला नव्हता.

"तुंगे," राजा हळू म्हणाला, "सूर्य टेकला."

"माझी आई असे म्हणाली नसती," तुंगा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने सांडशी खोल घातली, पिळली, ओढली. मूळ अख्खे बाहेर आले, पाठोपाठ पू.

दारामागे धूम्रजट हसला. कुत्रा निजलेला, मांजर एकटी. आजवर तो जटांची टोकेच तेवढी बाहेर सोडी. आज त्याने सगळा जटाभार बाहेर लोटला, मुळापर्यंत, एकाच जुडग्यात. तो तुंगेच्या कमरेला वेढला आणि तिला फटीकडे ओढू लागला. राजाने तिचे हात धरले. तोही तिच्यासोबत घसरत चालला.

"कृतांत!" तुंगा ओरडली.

कुत्रा धडपडत उठला. उजवी बाजू रक्ताने भरली होती, डावी धड होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याने दुखण्याला न भिता जबडा मिटला. त्याने जुडगा दारापाशी, अगदी मुळाशी, डाव्या दाढांत धरला आणि मान झटकली.

कडकन आवाज झाला. आत धूम्रजट किंचाळला आणि मग ते किंचाळणेही राखेसारखे विरले. दार आपोआप उघडले. माणसे बाहेर येऊ लागली, डोळे चोळीत, कपड्यांवरून सोन्याचा वर्ख झाडीत. सातवी बाई उंबऱ्यावर थबकली. तिने तुंगेकडे निरखून पाहिले आणि विचारले, "केवढी झालीस गं?" तुंगेने आईचा पदर मुठीत धरला.

तळघर कोठार झाले, शापाचे नाव कोणी काढीनासे झाले. राजाने फर्मान काढले की राज्यातल्या प्रत्येक कुत्र्यामांजराचे तोंड रोज उघडून पाहावे, दात ओल्या फडक्याने पुसावेत, आणि दुखले तर वय झाले असे म्हणू नये. स्वतः राजा रोज सकाळी बोटाला फडके गुंडाळून जमिनीवर बसे. कृतांत निमूट तोंड उघडी. कस्तुरी मात्र आधी राजाच्या बोटाला एक चावा घेई, आणि राजा तो आनंदाने सोशी.