जोडीला आणलेलं पिल्लू

फार फार पूर्वी, रानं अजून कुणाच्या नावावर झाली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांची वस्ती होती. पावसाळाभर ही माणसं तिथल्या माळावर मेंढरं चारीत. थंडी पडू लागली की बिऱ्हाड घोड्यावर लादून, खिंड ओलांडून, खालच्या मुलखात उतरत.

या वस्तीत एक जुनी चाल होती. कुत्र्याचं पिल्लू आणलं की त्याला माणसांत ठेवायचं नाही. मेंढरांभोवती दोरीच्या जाळ्याचं कुंपण असे, त्याला ही माणसं वाघर म्हणत. पिल्लाला थेट त्या वाघरीत, कोकरांच्या मधे नेऊन सोडायचं. तिथंच त्यानं मेंढीचं दूध प्यायचं, तिथंच लोकरीत तोंड खुपसून झोपायचं. आणि ते मोठं होऊन कळपाचं होईपर्यंत त्या घरानं दुसरं पिल्लू आणायचं नाही.

असं का, ते कुणी सांगत नसे. विचारलं तर म्हातारी माणसं म्हणत, "चाल हाय." एवढंच उत्तर मिळालं की माणूस चाल मोडायला मोकळा होतो. सांगणाऱ्याला सांगायचा कंटाळा आणि विचारणाऱ्याला पुन्हा विचारायचा कंटाळा. या दोन कंटाळ्यांपायी जगातलं किती शहाणपण वाया गेलं असेल!

त्या वस्तीत धुळा नावाचा एक मेंढपाळ आणि त्याची बायको ठकू राहत असत. कळप लहानच, पण सगळं घर त्याच्यावर चालायचं. त्या उन्हाळ्यात त्यांचा राखणीचा कुत्रा म्हातारपणानं गेला. राखणदार नसलेला कळप खिंडीतून नेणं म्हणजे लांडग्यांना पंगतीला बोलावणं. म्हणून धुळ्यानं शेजारच्या वस्तीतल्या जानकूकडून एक काळंभोर पिल्लू आणलं. त्याचं नाव ठेवलं कोळशा.

चालीप्रमाणे कोळशाला वाघरीत सोडलं. कळपात एक थोराड, उतारवयाची मेंढी होती. तिचं कोकरू त्याच साली दगावलं होतं. तिनं कोळशाला हुंगलं, जरा विचार केला आणि त्याला पिऊ दिलं. पण दूध पिऊन झालं की पिल्लू पुन्हा आईच्या आठवणीनं कुंईकुंई करी.

मेंढी त्याला म्हणायची, "रडून घे, लेकरा. रडू सरलं की आमचा वास यायला लागंल. मग तुला दुसरीकडं करमायचं न्हाई."

धुळ्याला मात्र ते रडणं सोसवेना. तो रोज वाघरीत जाऊन पिल्लाजवळ बसे, दोरी धरून त्याला कळपाभोवती फिरवी. काम किचकट होतं. पिल्लू दोन पावलं चाले आणि बसकण मारी. तरी हळूहळू फरक पडत होता. एका दुपारी कोळशा आपणहून मेंढीच्या पोटाला टेकला आणि न रडता झोपला. ठकूनं ते पाहिलं आणि तिच्या जिवाला बरं वाटलं.

नेमका त्यानंतरच धुळा लोकर कातरायची कातर मागायला जानकूकडे गेला.

जानकूच्या कापडी पालाबाहेर कोळशाची बहीण एकटीच खेळत होती. बाकीची भावंडं ज्याच्या त्याच्या घरी गेली होती. तीही काळीच, पण चारी पंजे पांढरे, पायात चांदीचे वाळे घातल्यासारखे. धुळा खाली बसला. पिल्लानं त्याचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं.

जानकू मोठा थट्टेखोर. तो म्हणाला, "कातर मागायला आलास का बोट द्यायला?" मग त्यानं सांगितलं की एवढी एकच उरली आहे, धुळ्यानं न्यावी, कोळशालाही सोबत होईल. एका भाकरीत दोघांचं भागेल.

धुळ्याच्या मनानं लगेच कारणं गोळा करायला सुरुवात केली. कोळशा एकटा पडतो. दोन कुत्री म्हणजे दुप्पट राखण. आणि हिला इथं कोण बघणार? खरं कारण एकच होतं: पिल्लू गोड होतं आणि त्याला ते हवं होतं. पण हवं असलेल्या गोष्टीला दयेचं नाव दिलं की माणसाला आपल्याच पाठीवर थाप मारता येते.

तो घरी आला तेव्हा एका हातात कातर होती आणि दुसऱ्या हाताशी, घोंगड्यात, ते पांढऱ्या पंजांचं पिल्लू होतं. नाव वाटेतच ठेवून झालं होतं: चांदी.

ठकूनं पिल्लाकडं पाहिलं. पिल्लू गोडच होतं, तिलाही हसू आलं. पण ती म्हणाली, "कोळशाला अजून मेंढरांची वळख न्हाई. हिला कोन करून देनार?"

"कोळशा हाय की. एकमेकांचं बघून शिकतील."

"ज्याला सवताला येत न्हाई, त्यो दुसऱ्याला काय शिकवनार?"

धुळ्यानं हसून विषय टाळला. त्यानं चांदीला वाघरीत सोडलं. कोळशा मेंढीच्या कुशीतून ताडकन उठला, बहिणीचा वास त्यानं ओळखला, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर अशी कोसळली की सगळी वस्ती बघायला जमली.

त्या दिवसापासून कोळशाचं रडणं थांबलं. धुळा म्हणाला, बघा, माझंच खरं झालं.

आता वाघरीत जाऊन बसायची गरज राहिली नाही. पिल्लं एकमेकांत रमलेली असत. दोरी धरून फिरवायला जावं तर एक इकडे ओढी, दुसरं तिकडे. शेवटी धुळा दोरी टाकून त्यांच्याशी खेळतच बसे. झोपायला ती दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकत. लोकरीत तोंड खुपसायची आता कुणाला गरज नव्हती.

थोराड मेंढीनं एकदोनदा कोळशाला हाक मारली. "ये की रं, टेक जरा. उद्या आमच्यातलं कोन हरवलं तर वासावरनं हुडकावं लागंल तुला."

"चांदी वाट बघतीया," कोळशा म्हणाला आणि पळाला.

मेंढीचं दूध आटलं. ठकूच्या लक्षात आलं की हाक मारली की कोळशा आधी चांदीकडं बघतो आणि चांदी कोळशाकडं. मग वाटलं तर दोघं येतात. तिनं धुळ्याला सांगून पाहिलं की अजून वेळ आहे, चांदीला जानकूकडं परत पोचवू, नाहीतर निदान दोघांना वेगळं बांधू. धुळ्यानं एक दिवस वेगळं बांधून पाहिलं. दोघांनी दोन टोकांना असा आकांत मांडला की दुपारीच त्यानं दोऱ्या सोडल्या. एवढी माया तोडणारा मी कोण, असं तो म्हणाला. बोलणं ऐकायला सुंदर होतं. ठकू आपल्या कामाला लागली.

पावसाळा सरला. दोन्ही पिल्लांची दांडगी कुत्री झाली. छाती रुंद, आवाज असा की वाटसरू वाट बदलत. धुळ्याला अभिमान वाटे. थंडी पडली, बिऱ्हाड घोड्यावर चढलं आणि कळप खिंडीच्या वाटेला लागला.

खिंडीत सकाळचं धुकं होतं. ठकू घोडा घेऊन पुढे, मधे मेंढरं, मागे धुळा आणि त्याच्या अवतीभवती कुत्री. थोराड मेंढी आता थकली होती. ती कळपाच्या कडेनं, जराशी मागे चालत होती.

धुक्यातून लांडगे उतरले.

कुत्री भित्री नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. दोघांच्या मानेवरचे केस उभे राहिले, दोघांनी दात विचकले. पण लांडग्याचा वास येताच कोळशानं एकच गोष्ट पाहिली: चांदी कुठं आहे? तो झेपावला तो चांदीकडे. चांदी झेपावली ती कोळशाकडे. पाठीला पाठ लावून दोघं वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि अशी गुरगुरली की त्यांच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नसती.

लांडग्यांना त्यांच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. ते त्यांना वळसा घालून कळपाच्या कडेला गेले.

थोराड मेंढी ओरडली, "कोळशा, हिकडं!"

कोळशानं मान वळवली. आवाज ओळखीचा होता, पण कुठला, ते त्याला आठवेना. तो चांदीला आणखी चिकटून उभा राहिला.

धुळा काठी घेऊन धावला, आरडाओरडा केला, दगड मारले. लांडगे पळाले, पण मेंढीला ओढत घेऊन.

कळप धापा टाकत खिंडीबाहेर पडला. उघड्यावर येताच धुळ्यानं कोळशाला पट्ट्याला धरलं आणि काठी उगारली. ठकूनं त्याचा हात धरला.

"त्येला का मारता? त्येनं पाठ फिरवली का?"

"म्हातारी मेंढी डोळ्यादेखत गेली! ह्यो तिथंच उभा हुता!"

"ज्येला त्यो आपलं समजतो त्येला त्येनं राखलं," ठकू म्हणाली. "मेंढरं त्येची हायेत हे त्येला कळायचं हुतं, तवाच तुमी त्येला चांदी आनून दिली."

धुळ्याची काठी खाली आली. म्हातारी माणसं जे सांगत नव्हती, ते त्याला तिथं, वाटेवर, कळलं.

आता दोघांना वेगळं करणं भाग होतं, म्हणून खालच्या मुलखात एका माळ्याच्या घरी चांदीला ठेवून यावं लागलं. माणसं भली होती, खायला भरपूर होतं. पण ती भाकरीला तोंड न लावता, कळप गेला त्या वाटेकडे तोंड करून बसली. पुढे ती खायला लागली, भुंकायलाही लागली. शेपूट मात्र तिनं त्या घरी कुणासाठीच हलवलं नाही. इकडे कोळशाला पुन्हा वाघरीत सोडलं. आता तो दांडगा होता. कोकरं त्याला बघून कुंपणाला जाऊन चिकटत. धुळा रोज कोकरं आणि कुत्रा यांच्या मधे जाऊन बसे. लहानपणी जे एका पावसाळ्यात झालं असतं, त्याला वर्षं लागली. कोळशा राखण शिकला, पण कळपात राहूनही तो एकटाच राहिला. चूक धुळ्यानं केली; तिची किंमत मोजली एका मेंढीनं आणि दोन कुत्र्यांनी.

म्हणून लहानांनो, आणि लहानांपेक्षा मोठ्यांनो, गोडसं पिल्लू बोट चोखू लागलं की आधी घरातल्या पिल्लाकडे बघा.

तात्पर्य: पदरात घेतलेल्याला पुरतं आपलं करण्याआधी दुसऱ्याला पदरात घेतलं, तर दोघंही पोरकी होतात.