टिचकूची गुलाबाची फांदी

सरका, सरका, जवळ सरका. गोष्ट लहान, बाग मोठी आणि टिचकू तर एवढुस्सा!

टिचकू म्हणजे हिरवा हिरवा नाकतोडा. राहायचा बागेत, गुलाबाच्या एका फांदीवर. तिथेच खेळायचा, तिथेच झोपायचा.

ही बाग गल्लीतली माणसंच सांभाळायची. रविवार आला की सगळी हजर. कुणी खणायचं, कुणी झाडायचं. कुणी नुसतंच "असं नाही, तसं करा" म्हणायचं.

त्या रविवारी नलूकाकू कात्री घेऊन आल्या. गुलाबांची छाटणी सुरू झाली. कच्च! कच्च! कच्च!

धप्प! टिचकूची फांदी खाली. टिचकूही खाली.

"काकू, काकू, माझी फांदी तोडली! आता मी झोपू कुठे?"

"अरे बाळा, छाटलं की झाडाला नवं फुटतं."

"पण माझी फांदी वाळेल ना! तिला मातीत लावा. आत्ताच्या आत्ता!"

काकूंनी माती चाचपली. नुसती ढेकळं!

"मी नाही फांदी लावणार! माती आहे कडक. गांडूळ माती उकरेल, तर मी फांदी लावेन."

टिचकूला कुठला दम? टुण टुण टुणुक! निघाला.

"गांडूळदादा, माती उकर!
काकू फांदी लावेना,
फांदी माझी वाळते ना!"

ढेकळाखालून गांडूळ म्हणालं, "मी नाही माती उकरणार! माती आहे कोरडी. झारी पाणी शिंपेल, तर मी माती उकरेन."

टिचकूने मागे पाहिलं. फांदीचं एक पान मलूल झालं होतं. बापरे! टुण टुण टुणुक!

"झारीताई, पाणी शिंप!
गांडूळ माती उकरेना,
काकू फांदी लावेना,
फांदी माझी वाळते ना!"

झारी वाजली ठण ठण. "मी नाही पाणी शिंपणार! पोट आहे रिकामं. नळ पाणी सोडेल, तर मी पाणी शिंपेन."

ऊन चढलं. आणखी एक पान मलूल झालं. पळ टिचकू, पळ! टुण टुण टुणुक!

"नळभाऊ, पाणी सोड!
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
काकू फांदी लावेना,
फांदी माझी वाळते ना!"

नळाने नुसतंच फुस्स केलं. "मी नाही पाणी सोडणार! चावी आहे गजाआजोबांच्या खिशात. आजोबा चावी फिरवतील, तर मी पाणी सोडेन."

गजाआजोबा बसले होते पार तिकडे, बाकावर. एवढ्या लांब! टुण टुण टुण टुण टुणुक!

"आजोबा, चावी फिरवा!
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
काकू फांदी लावेना,
फांदी माझी वाळते ना!"

"श्श! हळू बोल," आजोबा कुजबुजले. "मी नाही चावी फिरवणार! मांडीवर आहे मनी. मनी उठेल, तर मी चावी फिरवेन."

मनी म्हणजे बागेतली मांजर. झोपलेल्या मनीला हलवायचं नाही, म्हणजे नाही. आजोबांचा चहा गार झाला, तरी नाही!

"मनीमावशी, ऊठ ना गं!
आजोबा चावी फिरवेनात,
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
काकू फांदी लावेना,
फांदी माझी वाळते ना!"

मनीने एकच डोळा उघडला. "मी नाही उठणार! ऊन आहे उबदार. टुणटुण उडणारं काही दिसेल, तर मी उठेन. आणि मटकन खाईन!"

टिचकू झटकन मागे सरकला. टुणटुण उडणारं तिथे होतं कोण? तोच की!

त्याने मागे पाहिलं. फांदीच्या सगळ्या पानांनी माना टाकल्या होत्या. टिचकूला रडूच आलं. त्याने डोळे घट्ट मिटले आणि मारली उडी. थेट मनीच्या मिशीवर!

टुण टुण टुणुक! पुढे टिचकू.
झप झप झप! मागे मनी.

मनी उठली, तसे आजोबा उठले.
आजोबांनी चावी फिरवली, कर्र कर्र.
नळाने पाणी सोडलं, धो धो धो! पहिलं पाणी कुणावर? मनीवर! म्यांऽऽव! मनी पळाली भिंतीपलीकडे.
झारीने पाणी शिंपलं, झर झर झर.
गांडुळाने माती उकरली, वळवळ वळवळ.
माती झाली मऊ मऊ.

मग काकूंनी फांदी उचलली. मलूल पानं काढून टाकली. फांदी मातीत खोचली. खच्च!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिचकूने नाही वाजवल्या.

"काकू, काकू, उलटी लावली!"

"छे! कशावरून?"

"मी रोज चढतो ना तिच्यावर! तिचे काटे खाली बघतात. हे तर वर बघतायत!"

काकूंनी चष्मा सारखा केला. वाकून पाहिलं. "अगंबाई! पानं काढली आणि डोकं कुठलं, पाय कुठले, कळलंच नाही मला!"

आजोबा खो खो हसले. काकूही हसल्या. त्यांनी फांदी काढली, फिरवली आणि सुलटी लावली.

"फुटली का?" टिचकूने लगेच विचारलं.

"अरे, आत्ता तर लावली! थांब जरा."

टुण! फुटली का? थांब. टुण! आता फुटली का? थांब रे बाबा! काकू सांगून सांगून दमल्या.

आणि एका सकाळी फांदीवर दिसला एक कोंब. लाल लाल, इवलासा, मऊ मऊ.

टिचकू धावत आला. फांदीपाशी थांबला. एकेक पाय टाकत हळूच वर चढला. उडी मारली असती, तर कोंब हलला असता ना!

तो कोंबाशेजारी बसला. झोप आली, तसा तिथेच झोपला.